हशा संपेपर्यंत थांबणारे कॅमेरे: ‘आय लव्ह लुसी’ आणि तिच्या काळातल्या मालिका

विचारलंय असं: ‘आय लव्ह लुसी’सारख्या 1950च्या दशकातल्या अमेरिकन विनोदी मालिका आज पाहिल्या तरी हसू कसं येतं? त्या थेट प्रक्षेपित व्हायच्या का? त्यातला हशा खरा की मागाहून चिकटवलेला? आणि ल्युसिल बॉल ते सगळं ऐन वेळी सुचेल तसं करायची का?

छोटी उत्तरं आधी देऊन टाकते. ‘आय लव्ह लुसी’ थेट प्रक्षेपित होत नव्हती, ती फिल्मवर चित्रित व्हायची. हशा खरा होता, समोर बसलेल्या तीनेकशे माणसांचा. आणि ल्युसिल बॉल ऐन वेळी जवळजवळ काहीच करत नसे.

आता मोठं उत्तर. मी बरीच वर्षं विनोदी मालिकांचं संकलन करतेय, त्यामुळे कोणताही प्रसंग पाहताना माझी नजर कट कुठे पडलाय इकडे आधी जाते. या मालिका टिकल्या त्याचं श्रेय लोक लेखकांना आणि नटांना देतात. ते खरंच आहे, पण अर्धंच. त्या कशा चित्रित केल्या, यात उरलेलं अर्धं आहे. नटाला प्रेक्षकांकडून हशा घेता यावा आणि तो घेत असताना कोणी त्याच्या वाटेत येऊ नये, यासाठी तिथे कॅमेरे, दिवे, नेपथ्य, अगदी करारसुद्धा वाकवले गेले होते. आज आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं.

1951 साली परिस्थिती काय होती ते आधी बघू. अमेरिकेतलं टेलिव्हिजन मुख्यतः न्यू यॉर्कमधून चालायचं आणि बरंचसं थेट प्रक्षेपित व्हायचं. व्हिडिओटेप नव्हती, ती 1956च्या शेवटी आली. देशाच्या दुसऱ्या टोकाला कार्यक्रम पोचवायचा तर किनेस्कोप हा मार्ग होता, म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून चित्र टिपायचं आणि ती फिल्म पाठवायची. लग्नाच्या सीडीचा मोबाइलने परत व्हिडिओ काढला तर जसं दिसेल तसं ते दिसायचं: धुरकट, कडा पुसलेल्या, चेहऱ्यावरचे भाव गेलेले.

ल्युसिल बॉल तेव्हा चाळिशीला टेकली होती. सिनेमात वीस वर्षं काढून झाली होती, पण पहिल्या रांगेतली नटी ती कधीच झाली नाही. दुय्यम दर्जाच्या सिनेमांची राणी म्हणून तिला ओळखत. तिला सूर सापडला रेडिओवर. ‘माय फेव्हरिट हजबंड’ ही तिची श्रुतिका 1948पासून सीबीएस या वाहिनीवर गाजत होती. जेस ऑपेनहायमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरल हे तिचे लेखक. रेडिओवरही स्टुडिओत प्रेक्षक असत, आणि त्यांच्यासमोर ती नुसती वाचत नसे, हातवारे आणि चेहरे करत असे. ऑपेनहायमरनं तिला तसं करायला मुद्दाम उत्तेजन दिलं होतं.

सीबीएसला तीच श्रुतिका टीव्हीवर हवी होती. ल्युसिलनं अट घातली की नवऱ्याची भूमिका आपला खरा नवरा देसी अर्नाझ करील. देसी क्युबाचा, बँड चालवणारा, इंग्रजी बोलताना स्पॅनिश हेल काढणारा. अमेरिकन बाईचा असा नवरा लोकांना पटणार नाही असं वाहिनीला वाटत होतं. तो प्रत्यक्षात तिचा नवरा होता आणि लग्नाला दहा वर्षं होत आली होती, ही गोष्ट या युक्तिवादात कुठे बसते कोण जाणे. मग 1950 साली दोघांनी रंगमंचावर प्रयोग करत दौरा काढला, प्रेक्षक दोघांना एकत्र स्वीकारतात हे दाखवून दिलं, आणि वाहिनी नमली.

पुढची अडचण प्रायोजकाची. प्रायोजक होती फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी. तिचं बहुतेक गिऱ्हाईक पूर्वेकडचं, त्यामुळे पूर्वेला धुरकट किनेस्कोप जाणं तिला चालणार नव्हतं. कार्यक्रम न्यू यॉर्कहून करा असा तिचा आग्रह होता. नवरा-बायकोला कॅलिफोर्निया सोडायचं नव्हतं, कारण ल्युसिलला पहिलं मूल होणार होतं. देसीनं तोड काढली: कार्यक्रम हॉलिवूडमध्येच, पण फिल्मवर चित्रित करायचा, म्हणजे दोन्ही किनाऱ्यांना सारखंच स्वच्छ चित्र मिळेल. फिल्मचा खर्च जास्त. तो भरून काढायला दोघांनी दर आठवड्याच्या मानधनात 1,000 डॉलरची कपात घेतली आणि बदल्यात मागितलं काय, तर चित्रित झालेल्या फिल्मची मालकी. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोण पाहणार, या समजुतीत सीबीएसनं ती देऊन टाकली. पाचेक वर्षांनी तेच हक्क परत विकत घ्यायला सीबीएसला चाळीस लाख डॉलरहून जास्त मोजावे लागले. 1957 साली ‘देसिलू’नं, म्हणजे या दोघांच्या कंपनीनं, आरकेओ हा अख्खा स्टुडिओ विकत घेतला. ल्युसिल एकेकाळी तिथेच पगारी नटी होती.

पण फिल्मवर चित्रण म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण खरी मेख तिथेच आहे. सिनेमाच्या पद्धतीत एक कॅमेरा असतो. आधी वाइड, म्हणजे लांबून पूर्ण दृश्य घ्या, मग दिवे बदला, मग हिचा क्लोज, म्हणजे जवळून चेहरा, मग त्याचा क्लोज. तोच संवाद नट सहा वेळा म्हणतो आणि सहाव्या वेळी सेटवर कोणीही हसत नाही. ल्युसिलला समोर प्रेक्षक हवे होते. त्यांच्याशिवाय तिचं काम फिकं पडतं हे सगळ्यांना रेडिओपासून माहीत होतं. म्हणजे तीन फिल्म कॅमेरे एकाच वेळी चालवायचे, नाटक थांबवायचं नाही, आणि प्रेक्षकांना कॅमेऱ्यांच्या वरून दिसेल अशी बैठक बांधायची. पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं की ही पद्धत देसीनं शोधली. तसं नाही. ‘ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ या खेळाच्या कार्यक्रमासाठी 1950 साली असे अनेक फिल्म कॅमेरे वापरून झाले होते, आणि ते काम करणारा अल सायमन देसिलूकडेही आला. देसीचं श्रेय वेगळं आहे: कथा असलेल्या मालिकेसाठी, दर आठवड्याला, प्रेक्षकांसमोर हे जमेल अशी व्यवस्था त्यानं उभी केली.

त्यासाठी त्यानं छायाचित्रकार गाठला तो कार्ल फ्रॉइंड. हा माणूस जर्मनीत ‘मेट्रोपोलिस’च्या छायाचित्रणात होता, हॉलिवूडमध्ये त्यानं ‘ड्रॅक्युला’ केला, ‘द गुड अर्थ’साठी ऑस्कर मिळवला. सावल्यांचा बादशहा. त्याला येऊन सांगितलं, नवरा-बायकोच्या भांडणाची मालिका आहे आणि सावली नको. वाइड आणि क्लोज यांची प्रकाशयोजना वेगळी असते, दोन्ही एकदम कसं करणार, असं तो आधी म्हणाला. मग त्या आव्हानातच अडकला. दिवे त्यानं जमिनीवरून उचलून वर टांगले, कॅमेऱ्यांवर छोटे दिवे बसवले, सगळीकडे सारखा प्रकाश पसरला. एका कॅमेऱ्यातून झळाळणारी आणि दुसऱ्यातून काळी दिसणारी वस्तू चालत नाही म्हणून सेट करड्या रंगाच्या वेगवेगळ्या छटांमध्ये रंगवले. कृष्णधवल फिल्मवर दिसणार तेच रंग त्यानं भिंतीला दिले. अशा सपाट प्रकाशाला सिनेमावाले नाकं मुरडतात. पण त्याचा फायदा बघा: नटी सेटवर कुठेही गेली, कुठेही पडली, कुठूनही डोकावली तरी ती दिसते. जमिनीवर खडूनं केलेल्या खुणेवर उभं राहण्यासाठी तिला विनोद थांबवावा लागत नाही.

मधला कॅमेरा वाइड घ्यायचा, कडेचे दोन जवळचे शॉट. सगळी फिल्म जायची डॅन कान या संकलकाकडे. त्याच्यासाठी तीन पडद्यांचं एक अगडबंब मूव्हिओला, म्हणजे फिल्म पाहून कापायचं यंत्र बनवलं होतं, तिन्ही कॅमेऱ्यांची फिल्म त्यावर एकाच वेळी चालायची. त्याला तिथे तीन डोक्यांचा राक्षसच म्हणत. पहिल्या मोसमाचा दिग्दर्शक मार्क डॅनियल्स हा रंगभूमी आणि थेट टेलिव्हिजन दोन्हीकडून आलेला.

या सगळ्याचा माझ्या टेबलावर काय अर्थ होतो? लुसी, म्हणजे ल्युसिलनं रंगवलेली नायिका, घसरते, तिची शेजारीण एथेल हिचा चेहरा पडतो आणि प्रेक्षक फुटतात, या तिन्ही गोष्टी एकाच क्षणाच्या असतात. मला फक्त निवडायचं असतं. एकेका शॉटमध्ये केलेल्या मालिकेत एथेलचा तो चेहरा दोन तासांनी, लुसी मेकअप रूममध्ये असताना, भिंतीकडे बघून दिलेला असतो. तो मी तिथे बसवते आणि वर हशा टाकते. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला जाणवतं.

उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलंच घेते, 15 सप्टेंबर 1952 रोजी दाखवलेला ‘जॉब स्विचिंग’ हा भाग. लुसी आणि एथेल चॉकलेटच्या कारखान्यात कामाला लागतात. पट्ट्यावरून चॉकलेट येणार, कागदात गुंडाळायचं. बजावलेलं असतं की एक जरी चॉकलेट न गुंडाळता पुढे गेलं तर नोकरी गेली. पट्टा आधी सावकाश. मग वेग वाढतो. तोंडात कोंबणं, टोपीत भरणं, झग्यात घालणं. मुकादमीण येते, रिकामा पट्टा बघून खूश होते, आणि आतल्या माणसाला ओरडून सांगते की जरा वेग वाढव. या वाक्यावर छत उडतं.

आता हा प्रसंग कट मोजत बघा. जवळजवळ सगळा टू-शॉट, म्हणजे दोघी एकाच चौकटीत, आहे. दोघी समोर तोंड करून शेजारी शेजारी, पट्टा त्यांच्यासमोर. गालात किती चॉकलेटं आहेत हे आपल्याला सतत दिसतं, आणि पट्ट्यावर किती येताहेत हेही. आज कुठल्याही वाहिनीवर हा प्रसंग आला तर पट्ट्याचा क्लोज, डोळ्यांचा क्लोज, घड्याळ, झटक्यानं आत जाणारी झूम, खाली टुणटुण संगीत असं सगळं येईल, आणि हसू मरेल, कारण संकट आणि माणूस एका चौकटीत उरणार नाहीत. ‘प्रसंग ढिला वाटतोय, कट वाढवा’ अशी सूचना मला इतक्या वेळा मिळाली आहे की आता मी ती नुसती ऐकते.

त्याच भागात लुसी चॉकलेट बुडवणाऱ्या एका अबोल बाईशेजारी बसते. त्या कामाला खरोखर चॉकलेटचं काम करणारी बाई आणली होती. दोघींची मारामारी होते. ल्युसिल पुढे सांगायची की ती बाई तालमीत हळूच मारायची, आणि चित्रणात तिनं असा सणसणीत ठेवून दिला की आपलं नाक मोडलं असं वाटलं. प्रेक्षक हसत होते, ल्युसिल थांबली नाही.

उत्स्फूर्ततेबद्दल विचारलं होतं. ल्युसिल बॉल ही तालमीची नटी. 1940च्या दशकात एमजीएम स्टुडिओत असताना तिला मूकपटांतला विनोदी नट खुद्द बस्टर कीटननं पडणं-आपटणं आणि प्रॉपर्टी हाताळणं शिकवलं. त्याची एक शिस्त तिच्यात कायम राहिली: जी वस्तू प्रसंगात वापरायची ती आधी हातात घेऊन इतकी फिरवायची की बोटांना ती पाठ होईल. आठवडाभर तालीम, मग एका संध्याकाळी प्रेक्षकांसमोर चित्रण, सलग, नाटकासारखं. लेखकही तसेच. संहितेत अंगविक्षेपाचे परिच्छेदच्या परिच्छेद मोठ्या अक्षरांत टंकलेले असत, आणि मॅडलिन प्यू अनेक करामती लिहिण्याआधी स्वतः करून बघायची, की बाईला हे झेपतं का. पडद्यावर जी बाई गोंधळलेली दिसते तिच्या प्रत्येक गोंधळाचा आराखडा दुसऱ्या एका बाईनं टंकून ठेवलेला असायचा.

5 मे 1952चा जाहिरातीचा भाग म्हणजे तर अभिनयाचा पाठच. लुसी ‘व्हिटामीटाव्हेजामिन’ नावाच्या टॉनिकची जाहिरात करते. तालीम घेता घेता चमचे वाढत जातात, टॉनिकमध्ये 23 टक्के अल्कोहोल आहे हे तिला ठाऊक नसतं. मजकूर तोच. फक्त जीभ, पापण्या आणि मान बदलत जातात. पहिल्या चमच्याला ती चव लपवत हसते, ते हसू बघा. पुढच्या सगळ्या झिंगण्याचा पाया तिथे घातलाय. नुसती दारू प्यायलेली बाई दाखवणं कुणालाही जमतं. ही बाई शेवटपर्यंत आपलं काम चोख करायचा प्रयत्न करत असते.

तिच्याइतकंच मोल बाकी तिघांचं. देसीला लोक नुसता बायकोवर ओरडणारा नवरा समजतात, पण तो नसेल तर लुसी नुसती वेडी वाटेल. त्याच्या चेहऱ्यावर राग आणि कौतुक एकदम येतात, म्हणून ती आपल्यालाही हवीशी वाटते. एथेल मर्ट्झचं काम करणारी व्हिव्हियन व्हान्स रंगभूमीची. ला होया इथल्या नाट्यगृहात तिचं काम पाहून मार्क डॅनियल्सनं तिला उचललं. तिच्या नवऱ्याचं काम करणारा विल्यम फ्रॉली जुन्या व्हॉडव्हिलचा, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या रंगमंचाचा गडी, तिच्याहून बावीस वर्षांनी मोठा. आपल्या बापाच्या वयाच्या माणसाची बायको का व्हायचं, याचा तिला राग. तिचा हा शेरा त्याच्या कानावर गेला म्हणून त्यालाही राग. दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही. पडद्यावर मर्ट्झ दांपत्याची जी खुन्नस दिसते तिला हा कच्चा माल आयता मिळाला. फ्रॉली दारूसाठी बदनाम होता. देसीनं त्याला आधीच बजावलं होतं की पिण्यापायी कामाला दांडी मारलीस तर गय नाही. पिण्यापायी त्यानं एकही भाग चुकवला नाही. मात्र करारात एक कलम स्वतः घालून घेतलं: न्यू यॉर्क यांकीज हा संघ बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीज या अंतिम स्पर्धेत पोचला तर त्याला सुट्टी.

1952 साली ल्युसिल पुन्हा गरोदर राहिली. ‘गरोदर’ हा शब्द पडद्यावर उच्चारायचा नाही, असं वाहिनीचं म्हणणं. संहिता पाद्री आणि रब्बी यांच्याकडून तपासून घेतल्या गेल्या. 19 जानेवारी 1953च्या रात्री लुसीला मुलगा झाला, आणि त्याच दिवशी ल्युसिललाही. 4 कोटी 40 लाख माणसांनी तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशीचा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरचा शपथविधी सुमारे 2 कोटी 90 लाखांनी. तिच्या विश्रांतीच्या काळात जुने भाग पुन्हा दाखवले गेले आणि लोकांनी ते पुन्हा पाहिले. मालकी देऊन टाकणाऱ्या सीबीएसला तेव्हा काय वाटलं असेल!

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये घात व्हायचा राहिला. 1936 साली ल्युसिलनं कम्युनिस्ट पक्षाची मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं, हे बाहेर आलं. सिनेटर मॅकार्थीचा, कम्युनिस्ट हुडकून बाहेर काढण्याचा काळ. समाजवादी विचारांच्या आजोबांना खूश करण्यासाठी तसं केलं, असं तिनं चौकशी समितीला सांगितलं. चित्रणाच्या संध्याकाळी देसी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, लुसीची लाल गोष्ट एकच, तिचे केस, आणि तेही अस्सल नाहीत. टाळ्या पडल्या, प्रकरण मिटलं.

सगळ्यांचं असं मिटलं नाही. ‘द गोल्डबर्ग्ज’ ही ब्राँक्समधल्या ज्यू कुटुंबाची मालिका 1949पासून टीव्हीवर होती. गर्ट्रूड बर्ग ती लिहायची, चालवायची आणि त्यात मॉलीची भूमिकाही करायची. अभिनेत्रीसाठीचा पहिला एमी, म्हणजे टीव्हीचा पुरस्कार, तिला मिळाला. तिच्या नवऱ्याचं काम करणाऱ्या फिलिप लोबचं नाव 1950 साली कम्युनिस्ट असल्याच्या संशयितांच्या एका छापील यादीत आलं. बर्गनं त्याला काढायला नकार दिला, प्रायोजक गेला, सीबीएसनं मालिका बंद केली. पुढे ती दुसऱ्या वाहिनीवर परतली ती लोबशिवाय. 1955 साली न्यू यॉर्कच्या एका हॉटेलात त्यानं आत्महत्या केली. लुसी वाचली ती निर्दोष होती म्हणून, असं मी म्हणणार नाही. ती इतकी लोकप्रिय होती की तिला हात लावणं कुणालाच परवडणारं नव्हतं. आणि काळ्या नटांना या सुवर्णकाळात फारसं दारच उघडलं नाही. ‘एमॉस अँड अँडी’ ही पूर्ण काळ्या कलावंतांची मालिका 1951 ते 1953 चालली. नट उत्तम, पण काळ्या माणसांची रंगवलेली चित्रं इतकी ठोकळेबाज की एनएएसीपी या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेनं निषेध केला.

‘द हनिमूनर्स’ लुसीच्या अगदी उलट टोकाची. तिचा मुख्य नट जॅकी ग्लीसन याला तालमीचा कंटाळा. बाकीची मंडळी त्याच्याशिवाय तालीम करायची. चित्रण न्यू यॉर्कच्या ॲडेल्फी थिएटरमध्ये, हजारेक प्रेक्षकांसमोर. ड्युमाँट कंपनीच्या इलेक्ट्रॉनिकॅम यंत्रात एकाच लेन्समधून फिल्म आणि टीव्हीचं चित्र दोन्ही मिळायचं. सेट म्हणजे ब्रुकलिनमधल्या बस ड्रायव्हरचं उघडंबोडकं स्वयंपाकघर: टेबल, खुर्च्या, बर्फाचं कपाट, खिडकी. पडदे नाहीत, चित्र नाही. घराचा पत्ता 328 चॉन्सी स्ट्रीट. ग्लीसनचं स्वतःचं लहानपण त्या रस्त्यावरचं. वाक्य आठवेनासं झालं की तो पोटावर हात थोपटायचा, आणि ऑड्री मेडोज किंवा आर्ट कार्नी ते सावरून घ्यायचे. एकदा प्रसंग संपला असं समजून ग्लीसन आत निघून गेला. एकटा उरलेल्या कार्नीनं शांतपणे कपाटातून संत्रं काढलं आणि सोलत बसला, प्रेक्षक हसत राहिले, अशी गोष्ट सांगतात. माझ्या मते या सगळ्या काळातला सगळ्यात मोठा नट कार्नीच. सही करायची म्हटलं तर तो आधी बाह्या सारतो, हात झटकतो, कागद सरळ करतो, पुन्हा हात झटकतो, आणि ग्लीसन शेजारी उकळत असतो. दोघं एका चौकटीत, कट नाही. असे फक्त 39 भाग, 1955-56 या एका मोसमाचे; दर्जा टिकणार नाही म्हणून ग्लीसननं स्वतःच थांबवलं. पुनःप्रक्षेपणाचा मोबदला करारात लिहून घेण्याचं शहाणपण ऑड्री मेडोजनं दाखवलं, आणि ते 39 भाग तिला जन्मभर पुरले.

नॅट हायकेननं लिहिलेल्या सैन्यातल्या विनोदी मालिकेतला फिल सिल्व्हर्सचा सार्जंट बिल्को पाहिला नसेल तर 1956चा कोर्टमार्शलचा भाग आधी पाहा. चुकून सैन्यात भरती झालेल्या चिंपांझीवर खटला चालू असतो आणि ते माकड मधेच, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, टेबलावरचा फोन उचलतं. सिल्व्हर्स तत्क्षणी न्यायाधीशांना सांगतो की आरोपी दुसरा वकील बोलावतोय. हे मात्र खरं ऐन वेळचं, आणि ते फिल्मवर उरलं कारण कॅमेरे चालू होते.

जॉर्ज बर्न्सबद्दल एकच सांगते. त्याच्या आणि ग्रेसी ॲलनच्या मालिकेत शेजाऱ्याचं काम करणारा नट 1953 साली सोडून गेला. शेजारीण नवऱ्याला मारायच्या पवित्र्यात उभी असताना बर्न्स आत आला, प्रसंग थांबवला, प्रेक्षकांना नव्या नटाची ओळख करून दिली, आणि मग प्रसंग तिथूनच पुढे चालू. ‘या पुढे ही भूमिका अमुक साकारतील’ अशी पट्टी खाली सरकवणाऱ्यांनी हे एकदा तरी बघावं.

राहिला हशाचा प्रश्न. सीबीएसचा ध्वनिअभियंता चार्ल्स डग्लस यानं 1953च्या सुमारास एक पेटी बनवली. कळ दाबली की रेकॉर्ड केलेलं हसू: खिदळणं, गडगडाट, उशिरा कळलेल्या एखाद्याचं एकट्याचं हसणं. 1960च्या दशकात बहुतेक मालिका प्रेक्षकांशिवाय चित्रित होऊ लागल्या आणि त्या पेटीवर चालल्या. खरा आणि टाकलेला हशा ओळखायची खूण सोपी आहे. टाकलेला हशा वाक्य संपल्यावर लगेच येतो आणि पुढच्या वाक्याआधी नेमका संपतो. खरा हशा नटाला अडवतो. नट त्याच्यावर स्वार होतो, तोंडातलं वाक्य गिळतो, उगाच कप उचलतो, आणि लाट उतरायला लागली की पुढे बोलतो. नाटकातली माणसं याला हशा घेणं म्हणतात. भरत नाट्य मंदिरात किंवा शिवाजी मंदिरात वाढलेल्या प्रेक्षकाला हे वेगळं सांगायची गरज नाही.

लुसीची पद्धत पुढे ज्यांनी टिकवली त्यांत ‘द डिक व्हॅन डाइक शो’ अव्वल. 1961 ते 1966, 158 भाग, चित्रण देसिलूच्याच जागेत. कार्ल रायनरनं ती स्वतःसाठी लिहिली होती. त्याला प्रमुख भूमिकेत घेऊन केलेला, 1960 साली दाखवलेला नमुना भाग पडला. निर्माता शेल्डन लेनर्डनं संहिता तीच ठेवून नट बदलले. आपण लिहिलेल्या स्वतःच्या भूमिकेवरून बाजूला होऊन पुढे लिहीत राहणं किती लेखकांना जमेल? नायकाच्या बायकोचं काम करणारी मेरी टायलर मूर तेव्हा जेमतेम पंचवीसची. ती घरात तुमान घालते म्हणून प्रायोजक कुरकुरले.

या मालिकेचा 25 सप्टेंबर 1963चा ‘दॅट्स माय बॉय??’ हा भाग मी हाताखाली येणाऱ्या मुलांना दाखवते. मालिकेचा नायक रॉब पेट्री याला संशय येतो की रुग्णालयात आपलं बाळ पीटर्स नावाच्या जोडप्याच्या बाळाशी बदललं गेलंय. फुलं त्यांची इकडे, खाऊ इकडचा तिकडे, पुरावे साचत जातात. तो पीटर्सना घरी बोलावतो. दार उघडतं. पीटर्स नवरा-बायको काळे आहेत. 1963 साल, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी निघालेल्या वॉशिंग्टनच्या मोर्चाला महिनाही झालेला नाही. हा शेवट वाहिनीला आणि प्रायोजकाला नको होता. प्रेक्षकांना रुचला नाही तर आपण तो बदलून पुन्हा चित्रित करू, असं आश्वासन लेनर्डला द्यावं लागलं. प्रेक्षकांसमोर दार उघडलं आणि हशा इतका लांबला की प्रक्षेपणासाठी संकलनात तो कापून आखूड करावा लागला. रॉब विचारतो, फोनवरच का नाही सांगितलंत? ग्रेग मॉरिसनं केलेले पीटर्स उत्तर देतात, मग तुमचा हा चेहरा बघायला कसा मिळाला असता! हसं होतं ते रॉबचं; पीटर्स सगळ्या खोलीत सगळ्यात शहाणे.

आता पाहायला बसणार असाल तर एक सल्ला. ‘आय लव्ह लुसी’ पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीनं पाहू नका. पहिले दोन मोसम आणि 1955चे हॉलिवूडच्या सहलीचे भाग पुरेत. शेवटच्या मोसमात ही मंडळी कनेटिकटला बंगल्यात राहायला जातात आणि धार कमी होते. ‘हनिमूनर्स’चे 39 मात्र सगळे बघा. आणि संगणकानं रंगवलेल्या आवृत्त्या मिळतात, त्या टाळा: फ्रॉइंडनं करड्या छटा मोजून लावल्या होत्या, त्यावर गुलाबी पावडर मारलेली असते.